पोरीच्या मागचं आभाळ

शपथ घातल्यानं हसू थांबत असतं त मी आधी साऱ्या गावाले शपथ घातली असती. तुम्ही हसा बाप्पा, खुशाल हसा. फक्त चहा सांडू नका. अन् शेवटपर्यंत बसा, कारण माझी फजिती एका दमात झाली नाई. ती रांगोळीवानी झाली, आधी ठिपके मांडले अन् मंग मीच माझ्या हातानं ते जोडले.

त झालं असं, का मी वेधशाळा झालती.

हाव, मीच! शाळेची पायरी न चढलेली बाई एकदम वेधशाळा!

आमचं गाव घाटंजीच्या अंगाले. इकडं तलाव भरला तरी लोक डबे घेऊन पाहायले जातात, समुद्राची गोष्टच सोडा. पण माझी पोरगी शोभा राहते थेट दक्षिणेच्या समुद्राच्या काठावर. देली होती दारव्ह्याले, पण जवाईबापूले बंदरावर नोकरी लागली अन् दोघं गेले नागपट्टणमले. लय दिवस गावातल्या लोकाइले वाटत होतं का हे नागपूरच्याच बाजूले कुठंतरी असन. बाया विचारत, "मंग राखीले काहून येत नाई वं तुमची शोभा? नागपूरवरून त गाड्याच गाड्या हायेत!" आता त्याइले काय सांगावं, का गाडीत बसून बसून पायाचे खांब होतात तरी ते गाव येत नाई.

तुम्ही म्हणाल, समुद्राकाठच्या हवेचं अन् घाटंजीच्या वावराचं काय नातं?

तिथंच त गंमत हाय. आमच्याकडं तुळशीचं लगन लागलं का उत्तरेचा वारा सुटते. कोरडा, खणखणीत. सकाळी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, दव, दिवसा पिवळं ऊन, अन् बोंडं अशी फुटतात का वावरात पाह्यलं त डोळे दिपतात. पण नेमक्या त्याच दिवसात तिकडं समुद्रावर वादळं उठतात. आपला पावसाळा संपला का त्याइचा जोरात येते, उलटाच कारभार! अन् तिकडं वादळ उठलं का त्याची शेपटी कधी त्याच दिवशी, कधी दोन-चार दिवसात आमच्या डोक्यावर. थंडी एकदम गायब होते, आंग चिकचिक करते, आभाळ भरून येते, अन् फुटल्या कापसावर पाणी. पाणी खाल्लेला कापूस पिवळा पडते, काळे डाग पडतात. त्याले आम्ही कवडी म्हणतो. कवडी कापूस पाह्यला का घेणाऱ्याचं तोंड असं होते, जसं कोणी त्याच्या चहात मीठ टाकलं.

अन् यंदा त त्या कापसावर माझी अब्रू टांगली होती. शोभाची पोरगी मिनल, तिचं लगन ठरलं फाल्गुनात. मी साऱ्याइच्या समोर सांगून बसली, का नातीच्या लगनाची गादी अन् दोन रजया माझ्या वावरातल्या पहिल्या वेच्याच्या कापसाच्या. पहिला वेचा म्हणजे पहिली वेचणी. त्याच्यासारखा पांढरा, फुललेला कापूस मंग वर्षभर हाती लागत नाई.

शोभा म्हणे, "आई, आता फोमच्या गाद्या भेटतात. फोन केला का घरी येतात."

मी म्हटलं, "फोमवर झोपून माणसाची कंबर तुमच्या इडलीवानी होते. माझी नात माझ्याच कापसावर झोपन!"

बोलून गेली. बोलायले काय लागते?

आता वेधशाळेचं आयका. माझी सून ज्योती, मोठी गुणाची. रोज सकाळी चहाच्या वक्ती ती मोबाइलवर नणंदेचं तोंड लावून देते. पोरगी तिकून बोलते, मी इकून. मागच्या वर्षी असंच बोलता बोलता मले शोभाच्या मागं खिडकीतून आभाळ दिसलं. काळंभोर! मी म्हटलं, शोभे, काय वं हे? ती म्हणे, तीन दिवसांपासून झड लागली. अन् पाहा, इकडं परवाच्या दिवशी ढग! तुरीचा फुलोर झडला. यंदा दिवाळीच्या आधी पुन्हा तसंच दिसलं. मी आंगणात उभी राहून ओरडली, "सोयाबीनवर ताडपत्री टाका रे, पाणी येते!" ज्याइनं आयकलं त्याइचं वाचलं. ज्याइनं नाई आयकलं ते मंग माझ्या घरी चहा प्यायले येऊ लागले.

झालं! शेजारचे किसनभाऊ, नात्यानं माझे दीर, बोलायले तिखट, ते म्हणे, "वहिनी म्हणजे आपल्या गावची वेधशाळा!" ते म्हणाले टोमणा म्हणून. मी घेतलं बिरूद म्हणून.

मंग काय विचारता! सकाळी माझ्या ओट्यावर बायाइची रांग. "मावशी, वड्या घालू काय?" "मावशी, गव्हाले पाणी देऊ का थांबू?" एक त नवऱ्याले गावाले पाठवू का नको, हेही विचारून गेली. मी चष्मा लावो, मोबाइल नाकाजवळ धरो अन् म्हणो, "शोभे, जराशी बाजूले सरक."

शोभा चिडे. "आई, मी आजारी हाओ, सर्दी झाली, ते त विचार!"

"सर्दी झाली? म्हणजे तिकडं गारठा हाय का दमट हाय?"

खरं सांगतो, महिनाभर मी पोरीचं तोंड पाह्यलंच नाई. तिच्या मागचं आभाळच पाह्यलं.

अन् मंग तो दिवस उगवला.

आदल्याच दिवशी आम्ही वावरात सीतादही केलतं. पहिल्या वेच्याच्या आधी आमच्याकडं पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभाताचा निवद दाखवतात, मंग कापसाले हात लावतात. पूजा झाली होती, वेचणीवाल्या बायाइची मुकादम पंचफुला, तिले सांगून ठेवलं होतं का दोन-चार दिवसात आरामानं सुरू करू. काही घाई नव्हती. थंडी मस्त पडत होती. माझा गुडघा, जो पाण्याच्या आधी हमखास ठणकते, तो असा गप्प होता जसा सासरी आलेला नवा जवाई.

ज्योतीनं फोन लावला. शोभानं तिकडं फोन सैपाकाच्या ओट्यावर कशाले तरी टेकवून ठेवला अन् ती कामात. मी नेहमीसारखं तिच्या मागं पाह्यलं.

अन् माझा चहा लुगड्यावर सांडला!

खिडकीबाहेरचं नारळाचं झाड असं हलत होतं, असं हलत होतं, जसं देव आंगात आला. त्याच्या झावळ्या तुटून खाली पडत होत्या. धाड! धाड! नारळ पडत होते. खिडकीच्या काचेवर पाण्याचे सपकारे. कोणीतरी माणूस त्याइच्या भाषेत बोंबलत होता. अन् माझी शोभा एकदम ओरडली, "अवो माय! सगळं पाणी घरात आलं!" ती खिडकीकडं धावली, फोन हलला, कोलमडला, पांढरं काहीतरी दिसलं, अन् बंद!

पुन्हा लावला. लागे ना. पुन्हा लावला. ती बाई इंग्रजीत काहीतरी सांगे. ज्योती म्हणे, "फोन बंद हाय."

मी उठली. गुडघा हाय का नाई ते पाह्यलंच नाई.

"वादळ! ज्योती, भलं मोठं वादळ! कापूस गेला आपला!"

ज्योती हळूच म्हणे, "पण आई, त्याइच्या भिंतीवर ऊन दिसत होतं."

"ऊन? तू नारळ पडताना पाह्यले का नाई?"

"पाह्यले."

"मंग? नारळ उन्हानं पडतात काय?"

तिनं पुन्हा फोन लावून पाह्यला. थोड्या वेळानं म्हणे, "आई, वन्सं ठीक असतील ना?"

तुम्हाले सांगतो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माय वं! त्या वादळात माझी पोरगी हाय! कापसाची आठवण आधी आली अन् पोटच्या पोरीची मागून. मी पदर डोळ्याले लावला, देवाले हात जोडले, म्हटलं, देवा, माझ्या शोभाले सांभाळ, अन् पाणी दोन दिवस उशिरा पाठव. एकाच दमात दोन्ही मागून घेतलं. पुन्हा पुन्हा त्याले कायले त्रास द्यावा?

मंग मी आंगणात उभी राहून जो आवाज टाकला, तो शिवारात गेला.

किसनभाऊ दात घासता घासता आले. "वहिनी, टीव्हीवर त काही सांगितलं नाई. म्हणते थंडी वाढन."

"टीव्हीवाल्याची पोरगी राहते का तिकडं?"

"नाई."

"मंग! माझी राहते. माझ्या डोळ्यादेखत तिच्या घरात समुद्र शिरला!"

पाहा हं, काचेवरच्या पाण्याचा समुद्र मीच केला. किसनभाऊच्या आंगणातून गोष्ट पुढं गेली तेव्हा समुद्र घराच्या छपरावरून गेलता. गावाच्या दुसऱ्या टोकाले पोहोचली तेव्हा नागपट्टणमच राह्यलं नव्हतं! एक म्हातारी मले भेटायले आली, रडतच आली. म्हटलं, कायले रडता? म्हणे, "तुमची शोभा चांगली होती हो." मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

पण मले थांबायले वेळ नव्हता. पंचफुलाले घेतलं, तिच्या बाया घेतल्या, अन् साऱ्या गावाच्या आधी आम्ही वावरात. पोरगा विलास, ज्यानं जन्मात कधी वाकून कापूस वेचला नाई, त्याच्याही कमरेले मी ओटी बांधली.

पंचफुलानं पहिलं बोंड उपटलं अन् हात झटकला. "मावशी, दव हाय अजून. कापूस ओला लागून राह्यला."

"वेच!"

"अवो, दव सुकल्याशिवाय कोणी वेचते काय? लहान लेकरालेही समजते!"

"पंचफुले, दवाचं पाणी मोठं का वादळाचं?"

ती माझ्याकडं पाहत राह्यली. म्हणे, "मावशी, तुम्ही वेधशाळा. आम्ही कोण?" अन् लागली वेचायले.

बाकीचं गाव विचार करत बसलं, भाकरी खाल्ल्या, टीव्ही पाह्यला, वाद घातले, मंग वावरात आलं. तोवर ऊन चढलं होतं, दव उडून गेलतं. हे ध्यानात ठेवा. ह्याच गोष्टीनं पुढं माझा घात केला.

त्या दिवशी गावात जे दोन पायावर उभं होतं ते वाकून कापूस वेचत होतं. न्हाव्यानं दुकान बंद केलं. किराणावाल्यानं उधारीवाल्याइले पकडून स्वतःच्या वावरात नेलं. किसनभाऊ, जे मले हसले होते, ते स्वतः डोक्यावर गाठोडं घेऊन तीन वेळा माझ्यासमोरून पळाले, अन् प्रत्येक वेळी आभाळाकडं पाहून म्हणत, "अजून त ढग नाई वहिनी!"

"येते, येते! दूरून येऊन राह्यलं ते!"

दिवस मावळेपर्यंत साऱ्या गावाचा कापूस घरात. घरात म्हणजे कसा? बैठकीत कापूस, सैपाकघरात कापूस, देवाजवळ कापूस. विलासच्या खोलीत दरवाजा उघडला का कापूस बाहेर येऊन रामराम करे. माणसाले झोपायले जागाच नाई! शेवटी कापूस पांघरुणात अन् माणसं ओट्यावर. अन् त्याच रात्री यंदाची पहिली खरी थंडी पडली. अशी पडली का कुत्रेही माणसाच्या गोधडीत घुसले. उत्तरेचा वारा असा झोंबत होता जसा मले नाव घेऊन शोधत होता.

सकाळी उठून पाहतो त आभाळ कसं? घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखं! ढगाचा डाग नाई. सारं गाव शेकोटीपाशी दात वाजवत बसलं होतं अन् सारं गाव माझ्याकडं पाहत होतं. कोणी काही बोले ना. बोलायसाठी जबडा थांबायले पाहिजे ना!

तेवढ्यात ज्योतीचा फोन वाजला. शोभा! जितीजागती!

मी फोन छातीशी धरला. "माय वं, वाचली तू! समुद्र गेला काय परत?"

"कोणता समुद्र?"

किसनभाऊ जवळ सरकले. पंचफुला त माझ्या खांद्यावरच येऊन बसली. ज्योतीनं आवाज मोठा केला होता. तिले मी अजून माफ केलं नाई.

"काल तुमच्याकडं वादळ नव्हतं का?"

"वादळ? छे वं! लख्ख ऊन होतं. काल नारळ उतरवणारा आलता. झाडावर चढून झावळ्या छाटत होता, नारळ खाली टाकत होता. अन् तुमचे जवाई खाली नळीनं खिडक्या धूत होते. खालून वरच्याशी बोलता बोलता यांच्या हातातली नळी सुटली, अन् सगळं पाणी माझ्या सैपाकघरात! मी धावली त फोन पडला इडलीच्या पिठात. तांदळात पुरून ठेवलता, आज चालू झाला. काहून? काय झालं?"

काय झालं!

शेकोटीपाशी पंचफुलाच्या पोटातून एक आवाज आला, जसा उकळत्या डाळीतून येते. अन् मंग सारं गाव! किसनभाऊ हसता हसता शेकोटीत पडता पडता वाचले. मी फोनमध्ये म्हटलं, "काही नाई झालं. जवाईबापूले म्हणा, खिडक्या चांगल्या निंगाल्या असतील."

त्या दिवसापासून मले गावात तोंड दाखवायची सोय राह्यली नाई. नळावर गेली का पंचफुला विचारे, "मावशी, आज किती नारळ पडले?" किसनभाऊ रोज सकाळी कुंपणावरून हाक मारत, "वहिनी, जवाईबापूनं आंघोळ केली काय? नाई, म्हणजे कपडे वाळू घालावं का नाई ते समजते!" मी म्हटलं, बास! आता मोबाइलमध्ये पाहणार नाई. शोभाचा फोन आला का मी डोळे मिटून बोले. शोभा म्हणे, "आई, तुले झोप आली काय?" मी म्हणे, "हो, तुझं आभाळ पाहून पाहून डोळे गेले माझे."

आता खरी फजिती पुढंच हाय. चहा आणखी पाहिजे काय? ज्योती, टाक वं घोट घोट.

त ध्यानात ठेवायले सांगितलेलं आठवते ना? बाकीच्याइनं दव उडाल्यावर वेचला. त्याइचा कापूस कोरडा. माझा एकटीचा दवातला. तीन-चार दिवस घरात दाबून राह्यला अन् आतून गरम होऊ लागला. मी गंजीत हात घातला त वाफ आल्यावानी लागली! मिनलची गादी माझ्या डोळ्यासमोर भाजून निंगाली. असाच ठेवला असता त कवडी झालाच असता. म्हणून मी तो सारा कापूस बाहेर काढला, आंगणात लुगडी अंथरली अन् उन्हात पसरला. गावात कोणाचा कापूस बाहेर नव्हता. त्याइनं एकदा कष्टानं आत भरला, आता बाहेर कोण काढन? ओट्यावर झोपायची त्याइले सवयही झालती.

माझा मात्र सारा आंगणभर. पांढरा, हलका, बोट लावलं त उडन असा. दुपारपर्यंत असा फुलला का मी त्याच्याशी बोलली. "आता रे बाप्पा, एक दिवस ऊन खा, मंग तुले पिंजाऱ्याकडं नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली त शाल नको वाटली. गरम होत होतं. मी शाल फेकली. वारा पाह्यला त उत्तरेचा नाई, उगवतीकडून येत होता, ओलसर. माशा ताटावरून उठत नव्हत्या. मुंग्या अंडे घेऊन भिंतीवर चढत होत्या. अन् गुडघा? गुडघा त असा ठणकत होता जसं आतून कोणी दार वाजवून राह्यलं!

साठ-सत्तर वर्षांत ह्या गुडघ्यानं मले कधी फसवलं नाई. पण मी त्याले म्हटलं, "तू गप बस. एकदा हसं झालं तेवढं बास."

फोन आला. शोभा. मी डोळे मिटले.

"आई, इकडं खरंच वादळ येऊन राह्यलं वं! बंदर बंद केलं. पाणी सुरू झालं, वारा पाहा कसा हाय! तुमच्याकडंही येते ते, कापूस सांभाळा!"

"हाव का? अन् कोण चढलं हाय आज झाडावर?"

"आई, डोळे उघड अन् पाह त!"

"जवाईबापूले सांग, नळी बंद करा म्हणा. पाण्याचं बिल येते."

अन् मी फोन ज्योतीले देला.

ज्योतीनं पाह्यलं. तिचं तोंड उतरलं. "आई, खरंच वादळ दिसते. कापूस आत घेऊ काय? मी अन् हे लवकर उचलतो."

"हात लावायचा नाई!" मी असं ओरडली का कोंबडी दचकली. "मी कापूस आत नेताना किसनभाऊनं पाह्यलं त काय म्हणन? पुन्हा नारळ पडले म्हणन! साऱ्या गावानं मले वर्षभर पुरवून पुरवून हसायचं काय?"

"पण मिनलची गादी..."

"गादीचं मी पाहतो!"

अन् पाह्यलं काय, त मी उठून मुद्दाम किसनभाऊच्या ओट्यावर जाऊन बसली. मुद्दाम! लोकाइले दाखवायले, का पाहा, माझा कापूस आंगणात हाय अन् मी इथं निवांत पान खातो. पंचफुला तिथंच बसलती. तिनं आभाळाकडं पाह्यलं. ढग असे खाली उतरलते जसे घराच्या कवेलूवर टेकतील.

"मावशी," ती म्हणे, "आभाळ भरून आलं वं."

"आभाळाचं कामच हाय ते. भरते अन् जाते."

किसनभाऊ म्हणे, "वहिनी, मस्करी सोडा. मले हे पाण्याचे ढग वाटतात."

"भाऊजी, तुम्ही कधीपासून वेधशाळा झाले? पाणी नाई येत! आज नाई, उद्या नाई, हा महिना नाई! मी लिहून..."

लिहून देतो, असं म्हणणार होती. लिहिता येत नाई ते सोडा. तेवढ्यात माझ्या चष्म्याच्या काचेवर टप्पकन एक थेंब पडला. मले वाटलं कावळा असन. मी वर पाह्यलं त दुसऱ्या काचेवर!

त्याच्यापुढं जे झालं ते मी पळता पळता पाह्यलं. गुडघ्यासकट पळाली. सारे पळाले, किसनभाऊ, पंचफुला, सारे माझ्या आंगणात. ज्योतीनं अन् विलासनं लुगड्याची टोकं धरली होती. पण पाणी कुठं थांबते? असं कोसळलं जसं कोणी वरून घंगाळ पालथं घातलं. हलका फुललेला कापूस पाहता पाहता खाली बसला. पांढरं आंगण होतं, त्याचा दहीभात झाला. सीतादहीच्या दिवशी पऱ्हाटीले जो निवद दाखवला होता ना, तो देवानं मले परत पाठवला, आंगणभर!

मी पायरीवर बसली. मले कापसाचं दुःख नव्हतं एवढं. मले दिसत होतं, मिनल मांडवात बसली हाय अन् मागून फोमची गादी येऊन राह्यली, घरपोच.

पाणी दोन दिवस राह्यलं. आजूबाजूच्या गावाइचा कापूस झाडावरच कवडी झाला. अन् आमच्या गावाचा? घराघरात, कोरडा, पांढरा, सुरक्षित! साऱ्या तालुक्यात आमचं एकच गाव असं, जिथं वादळाच्या आधी एकूणएक बोंड घरात आलं होतं. कशानं? माझ्या चुकीनं! अन् साऱ्या गावात एकच घर असं, ज्याचा कापूस भिजला. ते कोणतं, हे आता तुम्हाले सांगायची गरज नाई.

आभाळ उघडलं त्या संध्याकाळी माझ्या आंगणात माणसं जमू लागली. म्हटलं, आता हे काय? पुन्हा हसायले आले असतील. किसनभाऊ पुढं. मागं पंचफुला, तिच्या डोक्यावर मोठं गाठोडं.

तिनं ते माझ्यासमोर सोडलं. कापूस! कोरडा, पहिल्या वेच्याचा.

"हे काय वं?"

"साऱ्या गावातून घरटी ओंजळ ओंजळ गोळा केलं. मिनलच्या गादीले. वेधशाळेची फी समजा."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. तरी म्हटलं, "माझ्याच वावरातला पाहिजे होता."

"मंग ठेवा तुमचा दहीभात," पंचफुला म्हणे, "त्यावर झोपवा नातजवायाले!"

किसनभाऊनं घसा साफ केला. त्याइनं गावातर्फे माझा सत्कार करायचं ठरवलं होतं, अन् शाल अन् नारळ आणला होता. नारळ! ते भाषण करू लागले, "आमच्या वहिनीले वादळ पाच-सहा दिवस आधी दिसलं. भले ते नारळवाल्याच्या रूपात दिसलं, पण दिसलं! अन् खरं वादळ आलं तेव्हा त्याइले दिसलं नाई. अशी वेधशाळा दुसरीकडं भेटणार नाई!" लोक टाळ्या वाजवत होते. शाल माझ्या खांद्यावर आली, नारळ हातात आला.

किसनभाऊ म्हणे, "आता शेवटचं एक सांगा वहिनी. पुढचं पाणी कधी?"

मले चढलं थोडं. शाल आंगावर असली का माणसाले चढते. मी नारळ कानाजवळ नेला अन् हलवला. लोकाइच्या गलक्यात काही आयकू आलं नाई, पण वेधशाळेले अडून कसं चालन?

"आभाळाचं मी आता सांगत नाई," मी म्हटलं. "पण ह्या नारळात पाणी हाय, हे छातीठोक सांगतो!"

"वा!" म्हणे किसनभाऊ. त्याइनं नारळ घेतला, पायरीवर आपटला, अन् दोन्ही भकलं वर करून साऱ्याइले दाखवली.

ठणठणीत कोरडी! एक थेंब नाई!

पंचफुला पुढं आली, दोन्ही हात जोडले अन् अगदी आदरानं म्हणे, "मावशी, तेवढी शाल परत द्या."

मी देली नाई. पाण्यानंतर उत्तरेचा वारा पुन्हा सुटला होता, गुडघा गप्प झालता, अन् मले वाटलं थंडी वाढन. तो अंदाज मात्र बरोबर निंगाला.